भिजत घातलेली होडी

शुक्रवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी होडी बुडाली.

वारा नव्हता, लाट नव्हती, आदळावं असा खडक आसपास नव्हता. होडीत कोणी नव्हतं. काठावर दोन माणसं होती आणि दोघांपैकी एकानेही आरडाओरडा केला नाही. मिस्त्री दगडी पायरीवर बसून किटलीतला चहा पीत होता. त्याची थोरली बहीण अक्का छातीइतक्या पाण्यात उभी राहून होडीच्या पोटात एकेक दगड ठेवत होती. झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तशी, आवाज न करता.

"आणखी एक?" अक्काने विचारलं.

"पुढे ठेव. नाक वर राहिलंय."

"नाक वर असायची सवय आपल्या घराण्यालाच आहे," अक्का म्हणाली आणि तिने दगड पुढे ठेवला. होडीचं नाक खाली गेलं. फळ्यांच्या फटींतून बुडबुडे येऊ लागले. मिस्त्री ते मोजत होता. उजव्या अंगाला बारीक, तुटक, ठीक. डाव्या अंगाला तळापासून तिसऱ्या फटीतून मात्र बुडबुड्यांची सलग माळ निघाली. मिस्त्रीने कप खाली ठेवला आणि दुसरीकडे बघितलं.

लाकडी होडी महिनोन् महिने कोरडी राहिली की तिचं लाकूड आकसतं आणि फळ्या एकमेकींपासून सुटतात. फटींत कापसाचा पीळ ठासला, वरून राळ लावली, तरी ती अर्धीच बंद होते. उरलेली अर्धी पाणीच बंद करतं. म्हणून होडी आधी बुडवायची. तीन दिवस ती पाणी पिते, फळ्या फुगतात, एकमेकींना घट्ट धरतात. मग पाणी उपसलं की ती थेंबभरही आत घेत नाही. खाडीतल्या जुन्या लोकांनी याच कामासाठी शेडच्या बाजूला दगडी काठाचा एक खड्डा खणला होता. त्याला भिजवण म्हणत. भिजवणीच्या तोंडाशी उंबरठ्यासारखी दगडांची रांग आहे. ओहोटीलाही आत कंबरभर पाणी राहतं. होडी आत आणायची किंवा बाहेर काढायची तर उधाणाचंच पाणी लागतं, तेही पंधरवड्यातून तीन-चार दिवस.

वॉचमनची ड्यूटी सातला सुरू होत असे. मिस्त्रीने हे लक्षात ठेवलं होतं, शेडची किल्ली त्याच्याकडेच होती, आणि चार लाकडी रूळ त्याने आदल्या रात्रीच उतारावर मांडून ठेवले होते. सात वाजून पाच मिनिटांनी वॉचमन वही घेऊन शेडमध्ये शिरला आणि सात वाजून सहा मिनिटांनी बाहेर आला.

"मिस्त्री, वस्तू क्रमांक एक कुठाय?"

मिस्त्रीने पाण्याकडे बोट केलं.

वॉचमनने वाकून पाहिलं. मग वहीत पाहिलं. "'जागेवर' लिहू की 'जागेवर नाही'?"

"जागेवरच आहे," अक्का पाण्यातून म्हणाली. "तिची जागा पाण्यातच असते."

वॉचमनने फोन काढला.

*

खाडीचा सागरी वारसा आणि पारंपरिक व्यवसाय जतन समिती दोन वर्षांपूर्वी स्थापन झाली. अध्यक्ष फायबरशेठ. खाडीतली पहिली फायबरची होडी त्यांनी विकली आणि एकशे दहावीही त्यांनीच. लाकडी होडी किती कटकटीची, दरवर्षी कापूस ठासा, राळ लावा, भिजत घाला, हे त्यांनी तीस वर्षं दारोदार जाऊन पटवलं. शेवटच्या माणसाला पटल्यावर त्यांना वाईट वाटू लागलं. "काहीतरी वाचवलं पाहिजे," ते म्हणाले. वाचवण्याजोगं नेमकं किती उरलंय हे त्यांच्याइतकं अचूक कोणालाच ठाऊक नव्हतं: एक शेड, एक मिस्त्री, एक होडी.

होडी अक्काची. तीस वर्षं ती या काठावरून त्या काठावर माणसं नेत होती. पलीकडच्या दवाखान्यातल्या नर्स, गवंडी, सायकलीसकट मास्तर. रस्त्याने खाडीला वळसा घातला तर अकरा किलोमीटर. अक्काच्या वल्ह्याने पंचवीस मिनिटं. पाच महिन्यांपूर्वी तिने दोन फळ्या बदलायला होडी भावाच्या शेडमध्ये आणली. त्याच आठवड्यात समितीचा फॉर्म आला.

शेडचं छप्पर गळत होतं. छप्पर हवं तर शेड वारसा यादीत हवी, आणि शेड यादीत हवी तर तिच्यात किमान एक वारसा वस्तू हवी. मिस्त्रीने इकडेतिकडे पाहिलं. समोर अक्काची होडी होती. त्याने रकान्यात 'होडी, एक' असं लिहिलं आणि सही ठोकली. चष्मा नव्हता म्हणून मागचं पान वाचलं नाही. मागच्या पानावर दोन कलमं होती. यादीतली वस्तू समितीच्या परवानगीशिवाय हलवता, वापरता किंवा दुरुस्त करता येणार नाही, हे पहिलं. तसं झाल्यास शेड यादीतून आणि मिस्त्रीच्या ताब्यातून जाईल, हे दुसरं.

दहा दिवसांनी अक्का आली होती.

"झाली होडी?"

"झाली."

"मग काढ."

"काढता येत नाही."

"अडकली?"

"हो," मिस्त्री म्हणाला. "कागदात."

अक्काने कमरेवर हात ठेवले. ती तशी उभी राहिली की मिस्त्रीला आपण बासष्ट वर्षांचे आहोत याचा विसर पडत असे. ती म्हणाली, "बाळ, तुझ्या डोक्यावर छप्पर आलं आणि माझ्या पायाखालचं पाणी गेलं." मग ती अकरा किलोमीटर चालत घरी गेली. दोघांत पाच महिने बोलणं झालं नाही.

त्या पाच महिन्यांत शेडचं वारसा केंद्र झालं. नवं छप्पर आलं. लाटांचा आवाज काढणारा स्पीकर आला. खरा समुद्र दहा पावलांवर होता, पण तो वेळेवर वाजत नसे आणि स्पीकरच्या आड येई, म्हणून त्या बाजूची खिडकी बंद केली. होडीला बाहेरून पारदर्शक व्हार्निशचे तीन हात मारले. वस्तूंची यादी लागली. क्रमांक एक होडी. दोन वाकस. तीन रंधा. चार पटाश्या, नग पाच. पाच मोगरी. सहा राळेचं भांडं. सात मिस्त्री, चालू स्थितीत.

क्रमांक सातचं काम रोज सकाळी अकरा आणि दुपारी चार वाजता. प्रेक्षक आले की मिस्त्रीने चष्मा काढून ठेवायचा, कारण पारंपरिक मिस्त्री चष्मा घालत नसे असं ठरलं होतं, आणि एका फटीत कापसाचा पीळ ठासून दाखवायचा. टाळ्या झाल्या की पीळ उपसूनही दाखवायचा, म्हणजे पुढच्या प्रयोगाला फट रिकामी. दुसऱ्या फटी भरलेल्या असल्याने आणि ही नेमकी उंचीला बरी असल्याने रोज तीच: डावं अंग, तळापासून तिसरी. ठासा, काढा, ठासा, काढा. फट काही बोलत नाही, पण प्रत्येक वेळी एक केस रुंद होते. हे मिस्त्रीला चौथ्या दिवशीच बोटांना कळलं होतं. तो कोणाला बोलला नाही, कारण सांगावं असं एकच माणूस होतं, अक्का, आणि ते त्याच्याशी बोलत नव्हतं.

मग बंदर कार्यालयाची नोटीस लागली. खाडीच्या पारासाठी, म्हणजे माणसं पलीकडे न्यायच्या हक्कासाठी, यापुढे एकच होडी. सोमवारी सकाळी दहाला पलीकडच्या काठावर तपासणी. ज्याची होडी गळकी नाही, त्याला पार. अर्ज दोनच. एक अक्काचा. दुसरा फायबरशेठचा, 'वारसा फेरी' नावाचा. त्यांनी एका नव्या फायबरच्या होडीवर लाकडाच्या रेषा छापलेला चिकट कागद लावून घेतला होता.

गुरुवारी संध्याकाळी मिस्त्री अकरा किलोमीटर चालत बहिणीच्या दारात गेला.

"उद्या पहाटे उधाण आहे," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे," अक्का म्हणाली. "मी पाच महिने दर उधाणाला बघत होते, तू येतोस का."

*

समिती साडेआठला काठावर हजर झाली. फायबरशेठ, सचिव हेडमास्तर, आणि शहरातून नेमलेल्या संग्रहालयाच्या मॅडम. तरुण, हातात माहितीपत्रकांचा गठ्ठा. इतर सभासद फोनवर होते.

"कशी बुडाली?" शेठनी विचारलं.

"बुडाली नाही. बुडवली," मिस्त्री म्हणाला. खरं सांगितलं की प्रकरण मिटेल असं त्याला वाटलं. इथे त्याचं चुकलं.

हेडमास्तरांनी इतिवृत्ताची वही उघडली. "काय लिहू? बुडाली की बुडवली?"

"थांबा हो मास्तर! मिस्त्री, अरे रविवारी मोठे साहेब येतायत उद्घाटनाला. होडीच्या नाकाला फीत बांधायचीय."

"बांधा की," अक्का म्हणाली. ती आता पायरीवर बसून केस पिळत होती. "साहेबांना पोहता येतं ना?"

"अक्का, तुम्ही मध्ये बोलू नका. ही समितीची वस्तू आहे."

"समितीने कधी वल्हवलीय?"

मिस्त्री पुढे झाला. "शेठ, तुम्हाला काय सांगायचं? तुमचे वडील माझ्या वडिलांकडे होडी भिजवायला आणायचे. याच भिजवणीत. तुम्ही इथे काठावर बसून चिंचोके खात होतात."

शेठनी भिजवणीकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या तोंडावर क्षणभर चिंचोके खाणारं पोर येऊन गेलं. मग ते म्हणाले, "ते तेव्हा. तेव्हा होडी वापरायची असायची."

मॅडम माहितीपत्रकाचं चौथं पान उघडून उभ्या होत्या. "एक मिनिट. हे तर नाविकांचं प्राचीन स्नानकुंड आहे ना? सफरीला निघण्यापूर्वी नाविक इथे स्नान करत."

"कोणी सांगितलं?" अक्काने विचारलं.

मॅडमनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर वहीत पाहू लागले.

तातडीची सभा तिथेच, उतारावर उभ्यानेच झाली. ठराव असा: वस्तू क्रमांक एकची जलसंकटातून मुक्तता करण्यासाठी रविवारी दुपारी बाराला क्रेन आणावी, वस्तू पुसून, पुन्हा एक हात व्हार्निश मारून, पाच वाजेपर्यंत चौथऱ्यावर ठेवावी. मिस्त्री म्हणाला, पाण्याने भरलेली होडी पट्ट्यांनी उचलली तर फळ्या पाकळ्यांसारख्या सुटतील, आणि वाळलेल्या होडीला आणखी व्हार्निश म्हणजे तहानलेल्याच्या तोंडाला पट्टी. हेडमास्तरांनी लिहिलं: 'मिस्त्री यांनी उपयुक्त सूचना केल्या. त्यांचे आभार मानण्यात आले.'

भिजवणीभोवती लाल-पांढरी पट्टी लावली. वॉचमनला सकाळी सहापासून ड्यूटी लागली.

मिस्त्रीने मनात हिशेब मांडला. तीन दिवस म्हणजे सोमवार सकाळ. क्रेन रविवारी दुपारी. रविवारच्या सकाळचं उधाण सव्वाआठला. म्हणजे हातात दोनच दिवस, आणि व्हार्निशमुळे लाकूड नेहमीपेक्षा हळू पिणार.

*

शनिवारी पेपरात छोटी बातमी आली, 'ऐतिहासिक नौकेला जलसमाधी'. दहा वाजेपर्यंत काठावर गर्दी झाली. पाच महिन्यांत वारसा केंद्रात एकूण दोनशे बारा माणसं आली होती. वॉचमनच्या मोजणीप्रमाणे शनिवारी दुपारी दोनपर्यंत तीनशे चाळीस आली. तरंगणारी होडी कोणी बघायला येत नसे, चौथऱ्यावरचीही नाही. बुडालेली बघायला लोक पोरंबाळं घेऊन आले.

हे हेडमास्तरांच्या नजरेतून सुटलं नाही. दुपारच्या सभेत त्यांनी उपठराव मांडला, की होडी बुडालेलीच ठेवावी, भिजवणीला कठडा करावा, दिवे सोडावेत आणि तिला 'जलमग्न वारसा' म्हणावं. समितीत दोन तट पडले. एक होडी बाहेर काढणाऱ्यांचा, एक बुडालेली ठेवणाऱ्यांचा. तरंगत ठेवणाऱ्यांचा तट नव्हता. वाद रंगला, आवाज चढले, आणि सभा साडेपाच वाजेपर्यंत चालली.

त्या वेळेत ओहोटी होती. मिस्त्री पट्टीखालून वाकून भिजवणीत उतरला. वॉचमन काही म्हणणार होता, पण यादीप्रमाणे मिस्त्रीही वस्तूच होता, आणि वस्तूने वस्तूजवळ जाऊ नये असा नियम नव्हता.

मिस्त्रीने पाण्याखाली हात घालून एकेक फट चाचपली. उजवं अंग, सगळ्या मिटत आलेल्या, नखही शिरेना. डावीकडची पहिली, दुसरी, चौथी, बऱ्या. तिसरीत नख गेलं. नखामागून बोटाचं अख्खं पेर गेलं.

तो तसाच उभा राहिला. अक्का काठावरून बघत होती.

"किती?" तिने विचारलं.

"पेरभर."

"व्हार्निशमुळे?"

खोटं बोलायला जागा चांगली होती. मिस्त्री म्हणाला, "नाही. मी रुंद केली. रोज दोनदा. पाच महिने."

अक्काने त्याच्याकडे पाहिलं. पट्टीबाहेरची पोरं ओरडत होती, कोणीतरी फोटो काढत होतं.

"तुला कळत होतं?"

"चौथ्या दिवसापासून."

"आणि तू ठासतच राहिलास."

"हो."

"टाळ्या वाजवायचे का लोक?"

"कधीमधी."

"मूर्ख," अक्का म्हणाली. आवाजात राग कमी होता आणि थकवा जास्त. "बाबा असते तर मोगरी तुझ्या डोक्यात घातली असती. आता उभा काय राहिलास? भर ती."

पाण्याखाली फट भरता येत नाही. मोगरीला पाण्यात जोर येत नाही, पीळ ओला होऊन फुगतो आणि आत जायला मागत नाही. मिस्त्रीच्या वडिलांनी असं कधी केलं नव्हतं, आजोबांनीही नाही. मिस्त्री शेडमधून कापूस आणि पटाशी घेऊन आला, चष्मा घालून. मग पाण्यात चष्म्याचा उपयोग नाही हे कळून तो त्याने अक्काकडे दिला. श्वास रोखून खाली गेला. अंगठ्याने पीळ दाबला, पटाशीने सरकवला, वर आला, दम घेतला, पुन्हा गेला. एका दमाला चार बोटं. फट साडेतीन हात.

घड्याळात चार वाजले होते. काठावरच्या लोकांना वाटलं चारचा प्रयोग सुरू झाला. पट्टीभोवती गर्दी दाटली. दर वेळी मिस्त्री वर आला की लोक टाळ्या वाजवत. शेडमधून स्पीकर लाटांचा आवाज काढत होता.

पावणेसहाला तो शेवटचा वर आला. अंगठ्याची कातडी सोललेली, ओठ निळे.

"आता काढून दाखवा!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. माहितीपत्रकात तसं लिहिलं होतं.

मिस्त्रीने त्या दिशेला पाहिलं. चष्म्याशिवाय त्याला कोणी दिसलं नाही.

"आज काढायचं नाही," तो म्हणाला.

गर्दी थोडी हिरमुसली आणि पांगली. मागे मॅडम राहिल्या. त्या कधीपासून उभ्या होत्या हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी माहितीपत्रकाचं चौथं पान घडी घालून पिशवीत ठेवलं होतं.

"तिकडे पाच विरुद्ध चारने क्रेन ठरली," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "यादीतली वस्तू उपचारासाठी बाहेर नेता येते. तसा एक फॉर्म आहे. मी भरू शकते. पण सही अध्यक्षांची लागते."

"भर ना," अक्का म्हणाली.

मॅडम पायरीवर बसून लिहू लागल्या. "कुठला उपचार?"

"पाणी," मिस्त्री म्हणाला.

"परत आणण्याची तारीख?"

"रोज संध्याकाळी," अक्का म्हणाली. "शेवटच्या फेरीनंतर."

मॅडमना हसू आलं. त्यांनी तसंच लिहिलं आणि फॉर्म घेऊन अध्यक्षांकडे गेल्या. सही झाली की नाही हे कळलं नाही. मॅडमचा फोन त्या रात्री लागला नाही, आणि शेठ सोमवारच्या तपासणीसाठी चिकट कागदाचे कोपरे दाबून बसवत होते असं त्यांच्या घरून सांगण्यात आलं.

*

रविवारी सहाला भरती भिजवणीच्या उंबरठ्याखाली होती. होडीची कड पाण्याच्या वर हातभर दिसत होती. अक्काने दगड काढले, मिस्त्रीने पत्र्याच्या डब्याने उपसायला सुरुवात केली. वॉचमन पट्टीपाशी उभा होता.

"हे मला लिहावं लागेल," तो म्हणाला.

"लिही की. वेळ नीट टाक," अक्का म्हणाली. "आणि तो दुसरा डबा दे इकडे."

वॉचमनने डबा दिला, मग वहीत वेळ टाकली.

सात वाजता होडी जराशी हलली. सात वाजून पाच मिनिटांनी तिने तळ सोडला. अक्काने कडेवर हात ठेवला. पाच महिन्यांनी होडी तिच्या हाताखाली डुलली, आणि अक्काने तोंड फिरवलं. मिस्त्रीला ते दिसलं, पण त्याने दिसल्याचं दाखवलं नाही.

त्याने आतल्या बाजूला, बसायच्या फळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि घड्याळ बघत बसला. दहा मिनिटांत पाणी रेघेवर एक बोट चढलं. त्याने उपसलं, पुन्हा मोजलं. पुन्हा एक बोट, जरा कमी. उजवं अंग खडखडीत कोरडं होतं. पाणी एकाच जागेतून येत होतं, तळापासून तिसऱ्या. कापूस धरून होता, पण घामासारखे थेंब सुटत होते.

"पंचवीस मिनिटांत अडीच बोटं," मिस्त्री म्हणाला. "एकट्या माणसाने न्यायची तर पलीकडे पोचेपर्यंत घोटा बुडेल."

"तपासणी उद्या दहाला. आजचा दिवस आणि आजची रात्र पाण्यात राहिली तर?"

"तर मिटेल. बहुतेक. पण इथे राहिली तर बाराला क्रेन आहे."

"म्हणजे पलीकडे न्यायला हवी. आत्ता."

"हो."

"एक वल्हवायला, एक उपसायला."

 मिस्त्रीने शेडकडे पाहिलं. नवं छप्पर उन्हात चकाकत होतं. त्याच्या वडिलांची शेड, त्याआधी आजोबांची. भिंतीवर क्रमांक दोन ते सहा टांगलेले, खाली त्याच्या स्टुलाजवळ क्रमांक सातची पाटी. पाच महिन्यांत एकदाही ते छप्पर गळलं नव्हतं.

"मीही यादीत आहे, अक्का," तो म्हणाला. "एक गेली तर हातापाया पडता येईल. दोन वस्तू गेल्या तर शेड गेलीच."

"मी तुला ये म्हटलं नाही."

"म्हटलं नाहीस."

"मी फक्त मोजलं."

सव्वाआठला पाणी उंबरठ्यावरून वाहू लागलं. वॉचमनचा फोन वाजला. तो 'हो साहेब, हो साहेब' म्हणत राहिला आणि फोन ठेवून काठाशी आला.

"क्रेनवाल्याला दुपारी दुसरीकडे काम आलंय. तो लवकर निघालाय. शेठ त्याच्यासोबत आहेत. वीस मिनिटांत येतील." मग त्याने वही छातीशी धरून खाली पाहत विचारलं, "मिस्त्री, किती वस्तू बाहेर लिहू? एक की दोन?"

अक्का होडीत चढून वल्ह्यांशी बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. मिस्त्रीने खिशातून शेडची किल्ली काढली, स्टुलाजवळच्या पाटीच्या खिळ्याला अडकवली, चष्मा घातला आणि डबा उचलला.

वॉचमनच्या वहीतली शेवटची नोंद आठ वाजून एकवीस मिनिटांची आहे. 'वस्तू क्र. १ व ७ बाहेर. कारण: पाणी.' परत येण्याच्या वेळेचा रकाना कोरा आहे.

क्रेन आठ छत्तीसला पोचली. फायबरशेठ उतारावर उभे राहून हाका मारत होते. हेडमास्तर 'पळवली' लिहावं की 'निसटली' असं विचारत होते. मॅडम आठ चाळीसला आल्या. त्यांच्या हातात घडी केलेला एक कागद होता. तो त्यांनी कोणाला दाखवला नाही.

त्या वेळी होडी खाडीच्या मध्याच्या बरीच पलीकडे होती. वल्ही चालू होती आणि दुसरा माणूस वाकून पाणी बाहेर टाकत होता. वॉचमनने सवयीने मोजलं. डबा आधी मिनिटाला आठ वेळा वर येत होता, मध्यापाशी सहा वेळा, आणि त्यानंतर चार. फट मिटत होती की उपसणारा थकला होता, हे काठावरून सांगता येत नाही.